कॅम्परव्हॅनने कोकण किनारा करायचाय? मग आधी हे वाचा

कॅम्परव्हॅन म्हटलं की सगळ्यांना बीचवर दार उघडून चहा पिणारा फोटोच आठवतो. कोकणात मात्र रोज दुपारी चार वाजले की प्रश्न तीनच असतात, पाणी कुठे भरायचं, रात्री गाडी कुठे लावायची आणि पुढच्या रस्त्याने ती जाते का. त्यामुळे प्लॅन करताना आधी मुक्काम ठरवा आणि स्पॉट नंतर. मुरुड-जंजिऱ्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर दिवसाला ८०-१०० किलोमीटरच्या वर धरूच नका, मॅप काहीही वेळ दाखवू दे.

आधी गाडी आणि कागद

भाड्याने घेताय तर आरसी बघा, त्यावर गाडी कॅम्पर किंवा कॅरव्हॅन म्हणून नोंदलेली आहे ना, की टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून बेड ठोकलाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाले नेमकं तेच काढून बसतात. मग गाडीची उंची, लांबी आणि वजन एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. उंची कशाला, तर गावातल्या खाली आलेल्या वायरी आणि फणसाच्या फांद्या.

टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी बरीच उभीच असते त्यामुळे नक्षी नवीन दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं, सहा वर्षांच्या वरचा टायर घेऊन घाटात उतरू नका.

विजेचा हिशेब घरीच करा

१२ व्होल्टची २०० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर २४०० वॉट-तास. लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, लिथियम असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत चालतं. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० खातो, पंखा रात्रभर २००, मोबाईल-लॅपटॉप-दिवे मिळून आणखी दोनेकशे. छतावर ३०० वॉटचं पॅनल आणि स्वच्छ ऊन असेल तर एवढं दिवसात परत भरून निघतं. एसी या हिशेबात बसत नाही, रात्रभर एसी हवा असेल तर जिथे प्लग मिळेल तिथेच मुक्काम करा नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. इंडक्शनचंही तेच. त्यापेक्षा पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा, फक्त एक लक्षात ठेवा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीला साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी असलीच पाहिजे. ती बंद असेल तर गाडी घेऊच नका.

घाट आणि एसटीचा नियम

देशावरून खाली उतरताना ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा असे पर्याय आहेत. निघायच्या आदल्या दिवशी घाट जड गाड्यांना चालू आहे का ते विचारून घ्या, दुरुस्तीसाठी बंद असतात बऱ्याचदा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरायचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा, आणि न्यूट्रल तर अजिबात नाही. ब्रेकचा जळका वास आला की जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, वरून पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. रस्त्यात कुणाला "गाडी जाते का?" असं विचारलंत तर उत्तर "जाते की!" असंच येणार, कारण त्याच्या डोळ्यासमोर त्याची बाईक किंवा रिक्षा असते. विचारायचं असं, "दादा, पुढे एसटी जाते का?" एसटी जात असेल तर तुमची व्हॅन जातेच. नसेल जात तर तिथेच लावा आणि चालत किंवा रिक्षाने जा, वाडीतल्या रस्त्याला दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात आणि आत शिरल्यावर वळवायला जागा सापडत नाही, मग एवढं धूड रिव्हर्समध्ये बाहेर काढत बसा.

फेरीबोट

उत्तरेकडून आलात तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडता येतात. दाभोळला तर चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. फक्त ओहोटीला जेट्टीचा उतार उघडा पडतो, शेवाळ असतं आणि मागे लांब बॉडी असलेली गाडी घासते. आधी उतरून बघून या, भरतीला जाता आलं तर उत्तम. पाठीमागची माणसं खाली उतरवा, सिलिंडर बंद करा, बोटीवर गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढून. बोटवाला हाताने दाखवतो तसंच घ्या, त्याला रोजची सवय असते, आपली हुशारी तिथे नको.

मुक्काम

उजेडात पोचा. अंधारात जागा चांगली की वाईट कळत नाही. देवळाच्या पटांगणात लावायची असेल तर आधी पुजाऱ्यांना किंवा गुरवांना विचारा, नाहीतर ज्या खानावळीत किंवा होमस्टेमध्ये जेवणार त्यांच्याच अंगणात, प्लगचे आणि पाण्याचे पैसे आधी ठरवून. कोकणात माणूस विचारलं की नाही म्हणत नाही, न विचारता लावलं की मात्र सकाळी सहाला दारावर थाप पडते आणि ती बरोबरच असते. राज्याचं कॅरव्हॅन धोरण २०२१ सालीच आलंय, पण तेवढ्या भरवशावर न राहता गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्लीच्या एमटीडीसी रिसॉर्टला आधी फोन करून पार्किंगचं विचारा.

वाळूवर गाडी घालू नका. किनाऱ्यावर गाडी नेली म्हणून पोलीस केस करतात ते वेगळं, पण तीन-साडेतीन टनाची गाडी रुतली आणि भरती आली की ट्रॅक्टरवाला मागेल तो भाव. आणि माडाखाली लावायची नाही! नारळ तर पडतोच, वाळलेलं झापसुद्धा सोलर पॅनल फोडतं. गाडी तिरकी असेल तर चाकाखाली फळी घाला, डोकं चढाच्या बाजूला करून झोपा, आणि चाकाला अडण म्हणून जांभ्याचा तुकडा कुठेही मिळतो.

पाणी माणशी १५-२० लिटर धरा, पिण्याचं वेगळ्या जारमध्ये. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या विहिरी तळाला जातात, तेव्हा फुकट टाकी भरून मागू नका. भांड्यांचं पाणी बीचवर सोडायचं नाही. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, फक्त संडासातच रिकामी करायची, तीही मालकाला विचारून, आणि त्यात ते निळं कडक केमिकल घालू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जंतू मरतात.

बघायचं काय

हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, बंदराच्या बराच अलीकडे गाडी लावून चालत जा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटांचं पाणी उसळतं ती खडकातली फट (भरतीच्या वेळी, कठड्याजवळ न जाता), विजयदुर्ग. वेळासची कासवं बघायची असतील तर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. शिमग्यात गेलात तर पालखी येईल तेव्हा रस्ता बंद असणार हे धरूनच चाला, गाडी बाजूला घ्या आणि पालखी बघा, तसंही ते बघायला लोक मुंबईहून येतात.

बिघाड झाला तर

खरं गॅरेज हायवेवर, म्हणजे महाड, खेड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, कुडाळ. किनाऱ्यावर पंक्चर निघतं, फार फार तर वेल्डिंग होतं. म्हणून आवाज सुरू झाला की पुढच्या गावापर्यंत बघू असं न करता वर हायवेला या. सोबत फॅन बेल्ट, कूलंट, होस क्लॅम्प, रिले, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज, ट्यूबलेस किट, हवेचा पंप आणि गाडीचं वजन पेलणारा जॅक. तांबड्या मातीत जॅकखाली फळी हवीच. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळा.

आत सगळंच बंद पडलं तर घाबरू नका, आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा, लेड-ॲसिडला आराम दिल्यावर १२.७ म्हणजे फुल आणि १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. मग मेन फ्यूज, मग अर्थची वायर, खाऱ्या हवेने तीच आधी गंजते. टर्मिनल घासून व्हॅसलीन लावलं की निम्म्या तक्रारी जातात. फ्यूज परत उडाला तर मोठा घालू नका, वायर जळेल, शॉर्ट शोधा. पाण्याचा पंप घुरघुरतोय पण पाणी नाही तर टाकी रिकामी आहे नाहीतर पंपाच्या आधीच्या जाळीच्या झाकणातून हवा ओढतोय, झाकण काढून धुवा आणि घट्ट लावा.

परत आल्यावर पहिल्या दोन दिवसांत खालून गोड्या पाण्याने प्रेशर वॉश मारून घ्या, ब्रेकच्या पाइपांसकट. टाक्या रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा आणि फ्रिजचं दार अर्धवट उघडं ठेवून मधे कापड अडकवा, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचा वास आठवडाभर जात नाही.