शाळा उघडण्यापूर्वी वर्गाची घडी कशी बसवावी

कोल्हापूर परिसरातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. पहिल्या सकाळी वर्गशिक्षकासमोर अनोळखी मुले, गळणाऱ्या छत्र्या आणि दाराशी घुटमळणारे पालक हे सारे एकदमच येते. वर्गातल्या बहुतेक गोंधळाचे मूळ एकच असते: आता नेमके काय करायचे, हे मुलांना ठाऊक नसते. ते त्यांना सांगता यावे म्हणून आधी शिक्षकाने स्वतः ठरवलेले असावे लागते आणि त्यासाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा व जूनचे पहिले दहा दिवस राखून ठेवावेत.

सुरुवात खोलीपासून करावी. एखादा वळीव पडून गेल्यावर वर्ग उघडून पाहिल्यास छत किंवा कौले कुठे गळतात, खिडकीतून पाणी कोणत्या बाकापर्यंत येते, हे आपोआप कळते. त्याची नोंद मुख्याध्यापकांकडे त्याच दिवशी लेखी द्यावी. नंतर प्रत्येक कोपऱ्यातल्या बाकावर स्वतः बसून फळ्याकडे पाहावे. तिरप्या उजेडामुळे फळा चकाकत असेल, तर तिथले मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार आणि आपण त्यालाच बोलणार, असा अन्याय नकळत घडतो. बाकांच्या रांगांमध्ये इतकी वाट ठेवावी, की कोणत्याही मुलापाशी आपल्याला सहज पोचता येईल, कारण शेजारी जाऊन हळू आवाजात सांगितलेले शब्द फळ्याजवळून ओरडून सांगितलेल्या शब्दांपेक्षा अधिक मानले जातात.

पट हाती आला, की मागील वर्षाच्या वर्गशिक्षकांना भेटावे. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोणाला कमी ऐकू येते, कोण लांबच्या वाडीवरून एसटीने येते, हे त्यांच्याकडून जरूर विचारून घ्यावे. गगनबावडा किंवा राधानगरीच्या डोंगराळ भागात भर पावसात गाडी वेळेवर येईलच असे नसते; तिथे उशिरा आलेल्या मुलाला दारात उभे करणे म्हणजे त्याला पावसाची शिक्षा देणे होय. मात्र ‘हा द्वाड आहे’, ‘ती कामचुकार आहे’ असे शेरे ऐकले, तरी टिपून ठेवू नयेत. त्याऐवजी ‘याला काय चांगले जमते?’ असे विचारावे. जमल्यास पहिल्या दिवसापूर्वी सगळी नावे पाठ करावीत आणि बसण्याचा आराखडा कागदावर काढून ठेवावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी एक पूर्ण दुपार द्यावी. कोरा कागद घेऊन शाळेच्या दारापासून सुटीच्या घंटेपर्यंतचा दिवस मुलाच्या पावलांनी चालून पाहावा. ओली छत्री आणि रेनकोट कुठे ठेवायचा? व्हरांड्यात दोरी बांधता येईल का? चपला कोणत्या बाजूला काढायच्या? परिपाठ संपवून वर्गात आल्यावर हजेरी होईपर्यंत हाताला कोणते काम असेल? पाणी प्यायला किंवा लघवीला जायचे असेल, तर विचारायचे कसे? वह्या कोण गोळा करणार, पोषण आहाराच्या वेळी हात धुण्यासाठी रांग कुठून सुरू होणार, लिहून आधी संपवणाऱ्याने काय करायचे? अशा प्रत्येक प्रश्नापुढे एका ओळीत उत्तर लिहावे. ज्या ठिकाणी उत्तर सुचत नाही, तिथेच जूनमध्ये गलका होणार हे ओळखावे. नोकरीच्या सुरुवातीला मी वीस नियमांचा तक्ता भिंतीवर लावला होता, पण छत्र्यांसाठी जागा ठरवली नव्हती. पहिल्या तासाला वर्गभर पाणी झाले, दोन मुले घसरली आणि तक्त्याकडे कोणी पाहिलेही नाही.

नियम चार-पाच पुरेत, आणि ते ‘करू नका’पेक्षा ‘असे करा’ या स्वरूपात असावेत. नियम मोडल्यास काय होईल, हेही आधीच ठरवावे: प्रथम नजरेने सूचना, मग जवळ जाऊन समज, मग मधल्या सुट्टीत एकट्याशी बोलणे आणि गरज पडल्यास पालकांची भेट. शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे, त्यामुळे छडी किंवा चारचौघांत अपमान हे मार्ग या यादीत येऊच शकत नाहीत. कायदा नसता तरी ते येऊ नयेत, कारण घाबरलेले मूल गप्प बसते, पण शिकत नाही.

पहिल्या आठवड्यात धड्यांची घाई करू नये. ठरवलेली प्रत्येक रीत आधी करून दाखवावी, मुलांकडून करवून घ्यावी आणि चुकल्यास न चिडता पुन्हा करवून घ्यावी. 26 जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. 1917 साली ज्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यांच्या जयंतीचा कार्यक्रम मुलांकडूनच उभा करून घ्यावा. बाक सरकवणे, रांगेने येणे, शांतपणे ऐकणे, या साऱ्या रीती मुळे धरत आहेत की नाही, हे त्या दिवशी नेमके दिसते.

पालकांना पहिला निरोप तक्रारीचा जाऊ नये. सभेत किंवा वहीतल्या चिठ्ठीने वर्गाची वेळ, रीती आणि आपल्याशी बोलण्याची सोयीची वेळ कळवावी.

नदीकाठच्या शाळांनी आणखी एक तयारी करावी. 2019 आणि 2021 चे महापूर कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी त्या दिशेने चढू लागले, की सुटी कधीही जाहीर होऊ शकते. हजेरीपट आणि मुलांच्या वह्या सुरुवातीपासूनच वरच्या फळीवर ठेवाव्यात, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आपल्या घरीही लिहून ठेवावेत. पुरानंतर शाळा पुन्हा भरेल तेव्हा पहिला दिवस जूनसारखाच मानावा: आधी प्रत्येक मुलाची आणि घराची विचारपूस, मग रीतींची उजळणी आणि त्यानंतर पुस्तक.