स्कोमर बेटावर गिलेमॉट मोजताना
वेल्सच्या पेम्ब्रोकशर किनाऱ्याजवळील स्कोमर बेटावर उन्हाळ्यात बहुतेकांची नजर पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्यावर असते. मोजणाऱ्याचा खरा कस मात्र कड्यावर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांच्या गर्दीत लागतो. हा पक्षी घरटे बांधतच नाही, उघड्या खडकावर एकच अंडे घालतो; त्यामुळे किटिवेक या कड्यावर घरटे करणाऱ्या समुद्रपक्ष्याची जशी घरटी मोजतात, तसे येथे करता येत नाही आणि प्रत्यक्ष पक्षीच मोजावे लागतात. त्यासाठी जूनचे पहिले तीन आठवडे आणि सकाळी 8 ते दुपारी 4 ही वेळ निवडावी. जोरदार वारा, पाऊस किंवा धुके असल्यास मोजणी पुढे ढकलावी. कड्याचे छायाचित्र छापून घेऊन खडकाच्या भेगा व विष्ठेचे पांढरे पट्टे यांच्या आधारे त्याचे लहान भाग पाडावेत, समोरच्या सुरक्षित जागेवरून प्रत्येक भाग वेगळा मोजावा आणि पाण्यावर तरंगणारे पक्षी त्यात धरू नयेत. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. वेगवेगळ्या दिवशी किमान 5 वेळा मोजून सरासरी काढावी. पायवाट तर मुळीच सोडू नये, कारण पफिन आणि मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांच्या बिळांनी जमीन इतकी पोखरलेली असते की एका पावलानेही बीळ ढासळू शकते. जुलैअखेर गेल्यास कडे जवळजवळ रिकामे दिसतील.