बेणणीच्या दिवसांत ग्रासकटरची खालची बाजू

पाऊस ओसरू लागला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झाडोरा कापून सफाई, सुरू होते. कलमांखाली कमरेएवढं वाढलेलं गवत वेळेत खाली आणलं नाही, तर ते उभ्या उभ्या सुकतं आणि पुढे उन्हाळाभर वणव्याची धास्ती राहते. हे काम आता बहुतेक बागांत खांद्यावरच्या ग्रासकटरने होतं. गडी दिवसभर राबतो, तिन्हीसांजेला मशीन पडवीत भिंतीला टेकवतो आणि घरी जातो. त्याच क्षणी मशीनची झीज सुरू होते, कारण गार्डच्या, म्हणजे पात्यावरच्या संरक्षक झाकणाच्या, आतल्या बाजूला हिरवा ओला लगदा थापलेला तसाच राहिलेला असतो.

हा लगदा ओला असतो तोवर बोटभर जाडीचा थरही दोन मिनिटांत निघतो. रात्र उलटली की तो शेणाच्या गोवरीसारखा घट्ट बसतो, मग लोक कोयत्याच्या पाठीने ठोकायला लागतात आणि गार्डला चीर पडते. म्हणून सांगणं एकच: सफाई काम संपल्यावर लगेच, बागेतच करा. उद्यावर टाकू नका.

आधी इंजिन बंद करून थोडं गार होऊ द्या आणि स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा. हातमोजे घाला. पातं हाताने फिरवताना इंजिनही फिरू शकतं, म्हणून कॅप काढल्याशिवाय खाली हात घालायचाच नाही. खरवडायला लोखंड नको. बांबूची चपटी कामटी तासून घेतली तर तिच्यासारखं हत्यार नाही: प्लास्टिकच्या गार्डवर ओरखडा येत नाही, रंग जात नाही, कोपऱ्यातला चिखलही निघतो. ती मशीनलाच दोरीने बांधून ठेवा, म्हणजे शोधावी लागत नाही.

गार्ड स्वच्छ झालं की बहुतेक जण थांबतात. खरं दुखणं त्याच्या आत असतं. पातं आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या फटीत गवताचे लांब धागे, वेली, कधी नायलॉन दोरीचे तुकडे गुंडाळले जातात. वरून दिसत नाहीत. ते आवळत गेले की पातं जड फिरतं, गिअरबॉक्स तापतो, ऑइल सील (ग्रीस आत धरून ठेवणारी रबरी कडी) खराब होऊन ग्रीस बाहेर येतं आणि पाणी-माती आत शिरते. गिअरबॉक्सला हात लावून पाहा. नेहमीपेक्षा जास्त चटका बसत असेल तर पहिला संशय या गुंडाळ्यावर घ्या. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी पातं उतरवावं. गिअरबॉक्सच्या भोकात पिन घालून दांडा अडवा आणि नट सोडवा. लक्षात असू द्या, बहुतेक ग्रासकटरचे आटे उलटे असतात: नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सैल होतो. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे मारलेली मशीन मी पुष्कळ पाहिली आहेत.

पातं हातात आलंच आहे तर पुसून उजेडात धरा. आपल्याकडे गवतात जांभ्याचे चिरे लपलेले असतात, त्यावर आपटून केसाएवढी चीर पडलेली असू शकते. चीर दिसली की पातं फेकून द्या. वेल्डिंग करून पुन्हा बसवू नका. फिरताना तुकडा उडाला तर तो समोरच्याचा पाय फोडतो.

पाण्याचं म्हणाल तर ओल्या फडक्याने काम भागतं. गाडी धुण्याच्या पंपाचा जोराचा फवारा सीलवर मारू नका, आणि गरम इंजिनावर गार पाणी तर मुळीच नको. पुसल्यावर पातं कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवा. जळकं ऑइल चोपडण्याची सवय सोडलेली बरी. त्याला धूळ चिकटते आणि थेंब बागेतल्या मातीत जातात.

होमस्टेच्या किंवा घरापुढच्या लॉनवर चाकांचं मशीन वापरत असाल, तर तिथे पत्र्याच्या झाकणाखालची जागाच कामाची. पातं तिथे पंख्यासारखी हवा ओढून गवत उभं करतं आणि कापल्यावर बाहेर फेकतं. झाकणाखाली थर साचला की हवेला वाट राहत नाही, गवत ढेकळांनी पडतं, मशीन दबतं. ते आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू आकाशाकडे ठेवा, नाहीतर इंजिन ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि दुसऱ्या दिवशी मशीन पांढरा धूर सोडतं, नाहीतर सुरूच होत नाही. पेट्रोलची टाकी रिकामी असताना केलं तर सगळ्यात उत्तम.

हाताला खरचटलेलं असताना ओला लगदा उघड्या हाताने काढू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) धोका असतो, आणि बागेतल्या ओल्या गवतावर उंदरांचं मूत असू शकतं. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा, ताप आला तर अंगावर न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भाड्याने मशीन आणत असाल तर गडी बागेत शिरण्याआधी गार्ड उलटं करून पाहा. शेजारच्या बागेतली कुसळं आणि तणाचं बी त्या लगद्यातूनच येतं. बांधाबाहेर खरवडून घ्या, मगच पातं फिरू द्या.