भाड्याच्या घरांच्या इक्विटीवर अपार्टमेंट बिल्डिंग घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत दोन-तीन घरं भाड्याने दिलेला मालक आठ-दहा युनिटांची (स्वतंत्र घरांची) बिल्डिंग बघू लागला, की हिशोब बहुधा पहिल्याच ओळीत चुकतो.

सगळी इक्विटी हातात येईल असं धरणं

घर ४ लाख डॉलरचं, कर्ज १ लाख ८० हजार. म्हणजे कर्ज वजा जाता उरलेले २ लाख २० हजार, म्हणजेच इक्विटी, सगळे आपले? छे. भाड्याच्या एका युनिटच्या घरावर कॅश-आउट रिफायनान्स (जुनं कर्ज फेडून मोठं नवं कर्ज घेणं आणि वरची रक्कम रोख काढणं) साधारण किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत होतो. ३ लाखांतून जुनं कर्ज आणि खर्च वजा केला की हाती उरतात जेमतेम १ लाख १० हजार.

खरी मेख हप्त्यात आहे. जुनं कर्ज मूळ २ लाखांचं, ३.२५ टक्क्यांचं असेल तर हप्ता ८७० डॉलर. ३ लाख ७ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतले की १,९९६. वर्षाला साडेतेरा हजार जादा, म्हणजे हाती आलेल्या रकमेच्या १२ टक्क्यांहून जास्त! स्वस्त कर्ज मोडण्याआधी त्याच घरावर दुसरं कर्ज किंवा हेलॉक (घराच्या इक्विटीवर लागेल तसे पैसे उचलायची कर्जमर्यादा) मिळतंय का बघा. हेलॉकचा दर मात्र बदलता असतो.

विक्रेत्याचे आकडे तसेच उचलणं

पाच किंवा जास्त युनिटांच्या बिल्डिंगला बँक आधी तिचं उत्पन्न बघते. खर्च जाऊन उरलेली रक्कम वर्षाच्या हप्त्यांच्या सहसा १.२५ पट लागते. कॅलिफोर्नियात विक्रीनंतर प्रॉपर्टी टॅक्स नव्या किमतीवर बसतो: जुना मालक ६ हजार भरत असला, तरी १५ लाखांच्या बिल्डिंगला तुम्हाला १६ हजारांच्या पुढे भरावे लागतील. उत्पन्न १० हजारांनी घटलं, की ७ टक्के दराने मिळणारं कर्ज जवळपास १ लाखाने आटतं. घरातून काढलेली रक्कम त्यातच जिरली म्हणायची.

१०३१ एक्सचेंजच्या तारखा चुकणं

१०३१ एक्सचेंज म्हणजे भाड्याचं घर विकून आलेल्या पैशांत दुसरी अशी मालमत्ता घेतली, तर नफ्यावरचा कर पुढे ढकलण्याची सवलत. घर विकून बिल्डिंग घेणार असाल तर क्लोजिंगआधीच (विक्रीचा व्यवहार पुरा होण्याआधी) क्वालिफाइड इंटरमीडियरी, म्हणजे विक्रीचे पैसे सांभाळणारा त्रयस्थ मध्यस्थ, नेमा. विक्रीचे पैसे तुमच्या खात्यात आले की सवलत गेली. ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवायची, १८० दिवसांत खरेदी पुरी करायची, सुट्ट्या धरून. १७ ऑक्टोबरनंतर विक्री झाली तर टॅक्स रिटर्नला मुदतवाढ घ्याच, नाहीतर १८० दिवस पुरे होण्याआधी १५ एप्रिललाच मुदत संपते.

आणि विक्रीच्या तोंडावर कॅश-आउट करू नका, आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) ती रक्कम करपात्र ठरवू शकते. रोकड हवीच असेल तर बिल्डिंग नावावर झाल्यावर तिच्यावर रिफायनान्स करा.