विद्यासागर कसे शिकवावेत: ३५ मिनिटांच्या एका तासिकेची आखणी

बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांचा (१८२०–१८९१) धडा बहुतेक वर्गांत सनावळीतच संपतो. हा माणूस काम कसं करत होता, ते मुलांना कळतच नाही. म्हणून दोनच गोष्टी धरा: 'वर्णपरिचय' हे त्यांचं बंगाली अक्षरओळखीचं पुस्तक आणि विधवाविवाहाचा वाद.

पहिली १२ मिनिटं 'वर्णपरिचय'ला द्या. १८५५ साली आलेल्या या पुस्तकात त्यांनी बंगालीला न लागणारे दीर्घ ॠ आणि ॡ वगळले, अनुस्वार-विसर्ग व्यंजनांत नेले आणि जोडाक्षरं दुसऱ्या भागासाठी राखून ठेवली. नुसतं सांगून हे पोचत नाही. काना-मात्रा नसलेले शब्द मुलांकडूनच काढून घ्या: कमळ, बदक, गवत. मग कान्याचे, मग वेलांटीचे. मध्येच कुणी जोडाक्षर सांगितलं तर पुसू नका, फळ्याच्या कडेला चौकटीत लिहा. ते आधी का घ्यायचं नाही, हे मुलं आपणच सांगतात.

पुढची १७ मिनिटं वादाला, कारण खरा विद्यासागर इथे दिसतो. कलियुगात पराशरस्मृती हा धर्मशास्त्राचा ग्रंथ प्रमाण आणि तिने पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे, त्यात पतीचा मृत्यूही येतो, हा त्यांचा मुद्दा. शास्त्राचा आधार घेणाऱ्यांना त्यांनी शास्त्रातूनच उत्तर दिलं. मग दोन आकडे लिहा: विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मागणाऱ्या त्यांच्या अर्जावर ९८७ सह्या, सनातनी पुढारी राधाकांत देव यांच्या विरोधी अर्जावर ३६ हजारांहून जास्त. तरीही २६ जुलै १८५६ रोजी कायदा कसा झाला, हे विचारा आणि मुलांना बोलू द्या. कायद्याने सक्ती केली नव्हती, मोकळीक दिली होती, इथपर्यंत त्यांना आणा. पुनर्विवाह केल्यास पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क जाई, हे कलमही सांगाच. ते गाळलं की विधवेची खरी अडचण झाकली जाते.

उरलेल्या वेळात शाळा. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या काळात त्यांनी मुलींच्या ३५ शाळा काढल्या; सरकारने कायम अनुदान नाकारलं. कलकत्त्याचं संस्कृत कॉलेज त्यांनी १८५१ मध्ये कायस्थांना आणि १८५४ मध्ये इतर प्रतिष्ठित हिंदूंना खुलं केलं, सगळ्या जातींना नव्हे. ही मर्यादाही सांगा.

उत्तरपत्रिकांत तीन ठिकाणी हमखास चुका होतात; बरोबर उत्तरं अशी. सतीबंदीची (१८२९) चळवळ राममोहन रॉय यांची. १८४९ची कलकत्त्यातली मुलींची शाळा बेथून या इंग्रज अधिकाऱ्याने काढली, विद्यासागर तिचे सचिव होते. आणि विधवाविवाहावरचं त्यांचं पुस्तक मराठीत आणणारे विष्णुशास्त्री पंडित, चिपळूणकर नव्हेत.