कोळी चावल्यावर घरच्या घरी काय करावं

बहुतेक कोळ्यांचे दात माणसाची कातडी भेदण्याइतके मजबूत नसतात. चावलाच तर लालसर गाठ येते, खाज सुटते, थोडं ठणकतं आणि चार-सहा दिवसांत सगळं ओसरतं. अशा साध्या चाव्याला घरचा उपचार पुरतो.

आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. मलमं नंतर, कारण पुढे त्रास होतो तो बऱ्याचदा विषाने नव्हे, तर खाजवून जखमेत शिरलेल्या जंतूंमुळे. हाताला चावा असेल तर सूज चढायच्या आत अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा; नंतर ते निघत नाही.

मग थंड शेक. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा, असं तीन-चार वेळा करा. बर्फ थेट लावला तर थंडीनेच कातडी भाजल्यासारखी होते. हात किंवा पाय उशीवर थोडा उंच ठेवला की ठणका कमी होतो.

खाजेसाठी कॅलामाइन, किंवा १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, पातळ थर देऊन. कातडी फुटलेली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन लावू नका. मोठ्या माणसाने रात्री सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर खाज शमते. झोप येते, तेव्हा वाहन चालवू नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान चार तास ठेवून. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नका. बाकीची औषधंही डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे.

एक सोपी युक्ती: लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. पहिल्या दिवशी लाली थोडी पसरली तर घाबरू नका. दोन दिवसांनंतरही ती रेघेबाहेर सरकत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग झाला आहे. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, वर घट्ट पट्टी आवळणं, यातलं काहीही करू नका.

श्वास लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, पोटात वा पाठीत पेटके येणं, दरदरून घाम, उलट्या, अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. चाव्याच्या मधोमध निळसर-जांभळा डाग पडून फोड आला किंवा कातडी काळी पडू लागली, तरीही त्याच दिवशी दाखवा. कोळी मेलेला सापडला तर डबीत घालून न्या, जिवंत असेल तर लांबून फोटो पुरे.

कोळी प्रत्यक्ष कोणी पाहिलाच नसेल तर मात्र चाव्याबद्दलच शंका घ्या. ढेकणाचे चावे, केसतोड, नागीण, या सगळ्यांचं खापर कोळ्यावर फुटतं. नागिणीचे फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात आणि तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं, म्हणून तिथे शेक देत बसू नका.