तळ्याच्या लायनरचं माप घेताना या चुका टाळा

परसातल्या तळ्यासाठी लायनर (पाणी जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायचं प्लास्टिकचं किंवा रबराचं आवरण) घेताना लोक लायनरचा रंग, जाडी, टिकाऊपणा यावर भरपूर डोकं लावतात आणि माप मात्र पाच मिनिटांत उरकतात. मग लायनर कमी पडलं की जोड देता येईल का, ताणून बसेल का, असे प्रश्न सुरू होतात. सगळ्यांच्या चुका त्याच त्या असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खड्डा खणायच्या आधी लायनर मागवणं. कागदावर तळं काढायचं, त्यावरून हिशोब करायचा आणि ऑर्डर देऊन मोकळं व्हायचं. अहो, कागदावरचं तळं आणि खणलेलं तळं कधीच एक नसतं! माती ढासळते, मध्येच दगड लागतो म्हणून खड्डा बाजूला सरकतो, एखादा काठ उतरता करावा लागतो.

माझ्या मामेभावाने हेच केलं. कागदावर तळं होतं १० बाय ७ फूट, खोली २ फूट. त्याप्रमाणे त्याने १६ बाय १३ फुटांचं लायनर आधीच आणून ठेवलं आणि त्या मापाला ते अगदी बरोबर होतं. पण खणताना एका बाजूची माती सुटायला लागली, म्हणून काठ मागे घेतला आणि वरचं तोंड झालं साडेअकरा बाय ८. त्यात मासे सोडायचे तर मध्ये थोडं खोल हवं म्हणून तिथे ३ फुटांपर्यंत खणलं. आता काठावर एक इंचही न ठेवता नुसतं आत उतरून वर यायलाच साडेसतरा बाय १४ लागत होतं आणि हातात होतं १६ बाय १३. मी सांगितलं की बाबा, खोल भाग परत भरून घे, काठ आत घे, पण त्याला त्याच रविवारी पाणी सोडायचं होतं. मग चौघांनी चार बाजूंनी ओढून काठावर दगड ठेवले आणि वरून बघायला ते छान दिसत होतं. पण आत तळाच्या कोपऱ्यात, जिथे भिंत संपते आणि तळ सुरू होतो, तिथे लायनर मातीला टेकलंच नव्हतं, अधांतरी होतं. तळहाताने दाबलं की खाली पोकळी लागायची. पाणी अर्ध्यापर्यंत आलं आणि लायनर त्या पोकळीत ओढलं जायला लागलं, काठावरचे दगड एकेक करून आत घसरले आणि एकाच्या धारेने लायनर वीतभर फाटलं. पाण्याला काय, मूळ मापाचं तळं धरलं तरी सुमारे ४००० लिटर पाणी म्हणजे ४ टन वजन होतं, ते तुमचे चार दगड ऐकणार आहे का? शेवटी पाणी उपसून दुसरं लायनर आणावं लागलं.

म्हणून आधी खणा, पायऱ्या करा, टोकदार दगड आणि मुळं काढा, खालचं जाड कापड किंवा वाळूचा थर टाका आणि मगच माप घ्या.

दुसरी चूक खोलीची. हिशोब साधा आहे: लांबी अधिक खोलीच्या दुप्पट अधिक दोन्ही काठांवर टेकवायला जादा. रुंदीलाही तेच. १० बाय ७ चं तळं, खोली अडीच फूट आणि काठावर दोन्हीकडे एकेक फूट धरलं, तर १० + ५ + २ म्हणजे १७ आणि ७ + ५ + २ म्हणजे १४. लायनर १७ बाय १४ चं लागेल. यात काही लोक खोली एकदाच मिळवतात, जणू लायनर एका बाजूने उतरतं आणि दुसरीकडे चढतच नाही. काही जण सरासरी खोली घेतात. तसं नाही, सगळ्यात खोल जागेचीच खोली धरायची, तो खड्डा हातभरच असला तरी.

आणि पायऱ्यांचा गोंधळ तर विचारूच नका. झाडांच्या कुंड्या ठेवायला आत पायरी केली की लोक तिचं माप वेगळं मिळवतात. गरज नसते हो. पायरीचा आडवा भाग वरच्या लांबीत आधीच मोजलेला असतो आणि उभे भाग मिळून शेवटी खोलीच भरते. काठ उतरता असेल तर खरं तर या हिशोबापेक्षा थोडं कमीच लागतं.

माझी सवय अशी की हिशोब झाला तरी मी दोरी टाकतेच. नायलॉनची नाही, ती ताणते, आणि स्टीलचा टेपही नाही, तो कोपऱ्यात वळत नाही. साधी सुती दोरी एका काठाच्या बाहेर फूटभर धरायची, आत सोडायची, प्रत्येक पायरीवर आणि तळाच्या कोपऱ्यात हाताने दाबत न्यायची आणि समोरच्या काठाबाहेर फूटभर काढायची. लांबीला जिथे सगळ्यात लांब आणि सगळ्यात खोल आहे तिथून, रुंदीलाही तसंच, आणि एकाच जागी घेऊन थांबायचं नाही. मग दोरी सरळ पसरून मोजायची. हिशोब आणि दोरी यात जे जास्त येईल ते माप मागवायचं. हे करायला दुसरा माणूस आणि थोडा वेळ लागतो, आणि ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी अजून थोडे दिवस थांबलेलं बरं.

वाकड्यातिकड्या आकाराचं तळं असेल तर त्याभोवती चौकोन कल्पून त्याची लांबी-रुंदी घ्या, लायनर चौकोनीच मिळतं. कोपरे वाया जातात म्हणून जीव तोडू नका. इंग्रजी एल आकाराला दोन तुकडे जोडून पैसे वाचवायची आयडिया मला अजिबात पटत नाही, गळती पहिली जोडातूनच होते.

दुकानात नुसते स्क्वेअर फूट सांगू नका. १८० स्क्वेअर फूट म्हणजे १८ बाय १० पण होतं आणि १५ बाय १२ पण.

फूट आणि मीटर मिसळू नका, १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, तीन धरून चालत नाही.

धबधबा किंवा ओहोळ असेल तर त्याचं लायनर वेगळं मोजा आणि वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढेल इतकं जास्त घ्या.

काठ लेव्हलला आहे का हे मापाआधी बघा. पाणी सगळ्यात खालच्या काठापर्यंतच भरतं, मग एक बाजू ४ इंच खाली असेल तर समोरच्या बाजूला ४ इंच लायनर कायम उघडं दिसत राहणार आणि उन्हात तेच आधी खराब होणार. मी पारदर्शक नळीत पाणी भरून चारी बाजू तपासते, आणि जिथे भर घालायची तिथे घालून झाल्यावरच दोरी टाकते, कारण काठ उचलला की खोलीही वाढते.

शेवटची चूक कात्रीची. लायनर अंथरलं की लगेच काठ सारखे कापायची घाई होते लोकांना. थांबा! लायनर सैल, घड्या पडू देत अंथरा, तळाच्या कोपऱ्यात हाताने दाबून मातीला टेकवा आणि पाणी हळूहळू सोडा. पाणी चढेल तसं ते आत ओढलं जातं, तेव्हा ओढू द्या, घड्या सारख्या करत राहा. तळं पूर्ण भरल्यावर मी काही दिवस तसंच ठेवते, माती बसते, एखादा काठ खचला तर कळतो, आणि मग काठावर फूटभर सोडून बाकीचं कापते. ते तुकडे फेकू नका, मोठ्या दगडाखाली किंवा पंपाखाली दुहेरी थर म्हणून घाला, आणि एक चांगला तुकडा ठिगळासाठी सावलीत ठेवून द्या, कारण ठिगळ त्याच मटेरियलचं असेल तर नीट बसतं.